सासूबाईंनी डोंगरावर बांधलेली तीन घरं

अकरा ब्रिटिश पेन्शनरांना दलदलीत नेऊन सोडल्याबद्दल मी लेखी माफी मागितलेली आहे. ती त्यांच्या मंडळाच्या नोटीसबोर्डावर लागलीसुद्धा, म्हणजे विषय खरं तर संपला. पण ती माफी इंग्रजीत होती, आणि इंग्रजीत मी इतका सभ्य होतो की खरं काय झालं ते सांगायचंच राहून जातं. शिवाय ब्रिस्टलच्या मराठी मंडळात सध्या जी हकिगत फिरते आहे, तिच्यात मी सासूबाईंना डोंगरावर विसरून आलो असं आहे. हे साफ खोटं आहे. आमच्या सासूबाईंना विसरणं कोणालाच शक्य नाही. म्हणून आता एकदाच, मराठीत, सगळं सांगून टाकतो.

मूळ भानगड घराची. मी नंदू, बायको सीमा आणि तेरा वर्षांची निधी, असे आम्ही तिघं ब्रिस्टलमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. लिफ्ट नाही. विमानाच्या पंखावर किती ताण येतो ते मोजायची माझी नोकरी. हुद्दाच 'स्ट्रेस इंजिनियर' असा आहे. घरं बघायला लागल्यापासून तो हुद्दा मला शोभायला लागला. सहा महिने घरं बघून शेवटी दोन उरली. एकाला गॅरेज होतं. दुसऱ्याला गॅरेज नव्हतं, पण तळमजल्यावर एक जादा खोली होती आणि तिला लागून बाथरूम.

मला गॅरेज हवं होतं. गाडीसाठी नव्हे, गाडी इथे कोणीच गॅरेजात ठेवत नाही. एक लाकडी टेबल, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, एक रेडिओ, आणि आतून कडी. बस. माणसाने आयुष्यात एवढं मागू नये का?

सीमाला खोलीवालं घर हवं होतं. "आईला जिने चढवत नाहीत, नंदू. खाली खोली असली तर दर वर्षी येऊन राहील." आता सासूबाई, म्हणजे लीलावतीबाई, वय बहात्तर, नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि प्रत्येक मजल्यावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवून टप्प्याटप्प्याने वर येत होत्या. मी सरळ माणूस. एका संध्याकाळी सीमाच्या देखत त्यांनाच विचारलं, "आई, खाली खोली असलेलं घर घेतलं तर तुम्हाला बरं पडेल ना?"

"मला काहून पाहिजे खोली?" त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरी पाहुण्यासारखं चार दिवस राहावं अन् निघावं. माझ्यापायी म्हणून घर घेऊ नका बाप्पा."

मी सीमाकडे बघितलं. साक्षीदाराने स्वतःच्या तोंडाने साक्ष दिली होती. सीमाने भांडी जरा जोरात लावली. पंधरा वर्षं एकाच स्वयंपाकघरात वावरल्यावर भांड्यांचा अर्थ कळतो, पण मी तो कळून घेतला नाही.

सासूबाई परत जायला दहा दिवस उरले तेव्हा त्यांना स्कॉटलंड दाखवायचं ठरलं. माझी योजना अगदी साधी होती. हायलँड्समध्ये तीन दिवस एक कॉटेज, आणि त्यातल्या शुक्रवारी एक छोटासा वॉक: जंगलातून वर, लॉखच्या काठाने पुढे, शेवटी धबधबा. लॉख म्हणजे तळंच, पण तिथे तळं म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं. जाऊन-येऊन चार मैल. कॉलेजात असताना मी सत्तावीस किल्ले सर केलेले आहेत. त्यातल्या काहींवर एसटी जाते हा भाग वेगळा.

पण मराठी माणसाचा छोटासा वॉक छोटासा राहिला तर शेजारी कशाला असतात? आमच्या तळमजल्यावर पुरुषोत्तमकाका राहतात. चाळीस वर्षं इंग्लंडात, आणि बर्मिंगहॅमच्या उत्तरेला कधी गेलेले नाहीत. त्यामुळे त्यांना हायलँड्सची खडान्‌खडा माहिती आहे. "नंदू, तिथे मिजेस असतात," ते म्हणाले. "डास परवडले. डास एकटादुकटा येतो, हे ग्रामसभा घेऊन येतात." मग तोंडावर घ्यायच्या जाळ्या आल्या. मग शिट्टी आली, कारण संकटात सहा शिट्ट्या वाजवायच्या असतात. मग बूट, बुटांवर मारायचा स्प्रे, स्प्रे अंगाला लागला तर लावायचं क्रीम. "आणि नीलगिरीचं तेल," काका म्हणाले. शेवटी गाडीत माणसं कशी बसवायची हा प्रश्न आला. त्यात सासूबाईंचा धपाट्यांचा डबा पाच किलोच्या खाली यायला तयार नव्हता.

गुरुवारी वाटेत हायवेवरच्या एका सर्व्हिसेसच्या थांब्यावर चहा घेताना एजंट डॅरेनचा फोन आला. खोलीवाल्या घरासाठी दुसरं एक कुटुंब तयार आहे. मालक तुम्हाला पहिली संधी देतायत, पण उद्या, शुक्रवारी, चारपर्यंत हो की नाही कळवा. चारनंतर घर त्यांचं.

"बघू," मी म्हटलं.

"बघू म्हणजे?" सीमाने विचारलं.

"म्हणजे बघू." माझा बेत तुम्हाला सांगायला हरकत नाही. चार वाजेपर्यंत बघत राहायचं, की आपोआप नाही होतं. तोंडाने नकार दिल्याचं पाप लागत नाही. त्यानंतर गाडीत बोलली ती फक्त जीपीएसवाली बाई, 'सातशे यार्डांवर वळा' म्हणून, आणि तेही आठ तासांनी.

शुक्रवारी सकाळी जंगलाच्या कार पार्कमध्येच पाऊण तास गेला. मशीनला नाणं नको, कार्ड नको, ॲप हवं. ॲपला सिग्नल हवा. सिग्नल नव्हता. मशीनवर लिहिलं होतं, सिग्नल नसल्यास या नंबरवर फोन करा. मी ती पाटी तीनदा वाचली. शेवटी सीमाने गाडीच्या काचेमागे चिठ्ठी ठेवली: 'आम्ही प्रामाणिक माणसं आहोत.'

पन्नास पावलांवर दुसरी पाटी. पुढे झाडतोड चालू, वाट बंद, धबधब्याकडे जाणाऱ्यांनी डावीकडच्या उघड्या डोंगरावरून जावं आणि दगडांच्या केर्नच्या खुणा धरून चालावं. केर्न म्हणजे वाट दाखवण्यासाठी रचलेली दगडांची रास. मी सगळी पाटी वाचली, समजून घेतली, आणि फक्त एवढंच म्हणालो, "माझ्यामागून या." लीडरने सगळं सांगत बसलं तर लीडर कशाला? ही चूक माझी आहे आणि माफीत मी ती कबूल केलेली आहे.

डोंगर मात्र काय होता हो! खाली पाइनचं काळंभोर जंगल, मध्ये चकाकणारं लॉख, वर हेदरची जांभळी झुडपं, आणि दूर कुठेतरी पाणी पडल्याचा आवाज. निधी तर वेडीच झाली. "बाबा, किती सुंदर आहे हा डोंगर! माझा फोटो काढ, माझे केस नको बघू!" सासूबाई साडीवर जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावरून जाळी अशा चालत होत्या. समोरून येणारा एक स्कॉटिश मेंढपाळ टोपी काढून बाजूला उभा राहिला. कोणाच्या तरी लग्नाची वरात आहे असं त्याला वाटलं असावं.

पहिला केर्न दिसला तशा सासूबाई थबकल्या.

"अगो बाई! इथेसुद्धा?"

आता हे तुम्हाला ठाऊकच असेल. आपल्याकडे देवीच्या डोंगरावर गेलं की लोक दगडावर दगड रचून ठेवतात. स्वतःचं घर व्हावं म्हणून. जितके दगड तितके मजले. नवरा-बायको रचतात, आई-बाप लेकरांसाठी रचतात. सासूबाईंना वाटलं, इथल्या लोकांनाही घरं मिळत नाहीत बिचाऱ्यांना.

"जावईबापू, हे इथलं जागृत ठिकाण दिसते नं?"

मी पुढे होतो. हात वर करून फोन फिरवत होतो, सिग्नल येत नाही ना याची खात्री करून घेत होतो. "हो हो," मी म्हटलं. एवढंच.

वाटेपासून शंभरएक पावलं बाजूला एक सपाट जागा होती, तिथून लॉख झकास दिसायचं. तिथे आम्ही धपाटे खाल्ले. मिजेसनी आम्हाला खाल्लं. जेवण झाल्यावर सीमा आणि मी पुढची वाट बघायला उठलो, म्हणजे निधीच्या कानाआड घरावरून भांडायला. वीस मिनिटांनी परत आलो तर आजी-नात कपाळावरचा घाम पुसत होत्या आणि चेहऱ्यावर मोठं कार्य पार पाडल्याचं समाधान. मी विचारलं नाही. आम्ही मूळ वाटेला लागलो.

पुढे अर्धा मैल गेलो असू आणि धुकं उतरलं. तिथलं धुकं विचारत नाही. पाच मिनिटांत मला माझेच बूट अंधुक दिसायला लागले. आणि मागून शिट्टी आली. सहा वेळा. मग मिनिटभर शांतता. मग परत सहा वेळा.

"नंदू, कोणीतरी संकटात आहे," सीमा म्हणाली.

सत्तावीस किल्ले अंगात संचारले. आवाजाच्या रोखाने आम्ही मागे फिरलो. धपाट्यांच्या जागेवरून खाली उतरलो, तर दलदलीत गुडघ्याएवढ्या चिखलात अकरा वयस्क माणसं ओळीने उभी. एकाचा बूट गेला होता. एक बाई थर्मासमधून सगळ्यांना चहा देत होती. सगळ्यांत पुढे मॉरीन: सत्तरीची, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा, तोंडात शिट्टी. ही तिथल्या वाटांची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवक मंडळाची सेक्रेटरी. म्हणजे दर वसंतात तिथले केर्न नीट रचणारी तीच.

मी पंचे, काठी, सीमाची ओढणी असं सगळं वापरून एकेकाला बाहेर काढलं. ते दर वेळी सॉरी म्हणायचे, मीही सॉरी म्हणायचो. अकरा माणसं म्हणजे बावीस सॉरी. माझी छाती फुगली होती. पुरुषोत्तमकाकांना ही गोष्ट कशी सांगायची याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो.

"मला कळत नाही," मॉरीन मोजे पिळत म्हणाली. "वीस वर्षं या वाटेवर येतेय. धुक्यात एक केर्न दिसला, कमरेएवढा, काय देखणा! जुन्यापेक्षा मजबूत. म्हटलं, ज्याने हा बांधला त्याला वाट नक्की माहीत असणार. पुढे दुसरा. पुढे तिसरा. आणि मग थेट चिखल."

निधीने हे आजीला मराठीत सांगितलं. सासूबाईंचा चेहरा जाळीतूनही उजळला.

"मी बांधलं!" त्या मॉरीनला म्हणाल्या, छातीवर हात ठेवून. "तिन्ही मीच!"

त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. अकरा पेन्शनर वळून माझ्याकडे बघायला लागले. ब्रिटिश माणूस ओरडत नाही, नुसतं "आय सी" म्हणतो. त्यापेक्षा एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

निधीने मग केर्नचा खरा अर्थ आजीला समजावला, आणि घरासाठी दगड रचायची पद्धत मॉरीनला. सासूबाई एकदम ओशाळल्या. "हे राम! म्हणजे मी म्हाताऱ्या माणसांना खड्ड्यात घातलं?" मॉरीन सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, कल्पना गोड आहे, पण राशी काढाव्या लागतील, आत्ताच, नाहीतर उद्या दुसरे कोणी अडकतील.

धुकं विरत होतं. आम्ही शेवटच्या राशीपासून सुरुवात केली. ती सीमाचा भाऊ वेद याच्यासाठी होती. पुण्यात त्याच्या फ्लॅटचा ताबा पाच वर्षं अडकला आहे. "काढा," सासूबाई म्हणाल्या, "तसाही त्याचा बिल्डर देवाचं ऐकत नाही." मधली निधीच्या भविष्यासाठी. निधीने ती स्वतः पाडली, "मी फ्लॅटमध्ये राहणार, विथ अ डॉग" असं म्हणत. राहिली पहिली, कमरेएवढी. आमची.

मी एकेक दगड उतरवू लागलो आणि सासूबाई हळू आवाजात सांगू लागल्या. "ती गच्ची होती... ती निधीची अभ्यासाची खोली... सीमाचं स्वयंपाकघर, मोठं पाहिजे म्हणत होती... तो छोटा काळा, ते तुमचं गॅरेज."

"गॅरेज वरच्या मजल्यावर?"

"तुम्हाला पाहिजे होतं नं. खाली जागा नव्हती, म्हणून वर ठेवलं."

शेवटी तळाचा एक मोठा चपटा दगड उरला. मी त्याला हात घातला, तोच सासूबाईंनी त्यावर आपला तळवा ठेवला.

"हा राहू द्या."

"का हो आई?"

"ती खालची खोली आहे."

"कोणाची?"

त्या लॉखकडे बघत राहिल्या. "कोणी येते, जाते. पाहुणे असतात. ज्याचे गुडघे दुखतात असं कोणी."

सीमाने तोंड फिरवलं. मला माझी अशी लाज वाटली की काय सांगू! तीन महिने ही बाई जिन्यात खुर्च्या मांडून वर येत होती, आणि मी तिने भिडेपोटी म्हटलेलं 'नको' पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं. कुठली आई जावयाला म्हणेल, मला तुमच्या घरात खोली द्या म्हणून? हे कळायला स्ट्रेस इंजिनियर कशाला लागतो?

"हे काय चाललंय?" मॉरीनने विचारलं.

"ती आजीची बेडरूम आहे," निधी इंग्रजीत म्हणाली. "आजी ती सोडायला तयार नाहीये."

मॉरीनने विचार केला. मग सेक्रेटरीच्या आवाजात निर्णय दिला, की एक दगड म्हणजे केर्न नव्हे, एक दगड म्हणजे दगड. तो राहायला मंडळाची हरकत नाही.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून सत्तावीस मिनिटं.

"फोन!" मी ओरडलो. "सिग्नल कुठे येतो?"

सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं. या सगळ्या डोंगरात एकाच जागी एक दांडी यायची: धबधब्याच्या वरच्या खडकावर. अर्ध्या तासाची चाल. कशासाठी, मॉरीनने विचारलं. घरासाठी, सीमा म्हणाली, चार वाजता हातचं जाईल. झालं! घराचा विषय निघाला की ब्रिटिश माणसाला थकवा राहत नाही. अकराच्या अकरा जण ओल्या मोज्यांनी आमच्याबरोबर निघाले. एकाने सासूबाईंचा डबा घेतला, दोघांनी सासूबाईंना काखेत हात घालून धरलं. बूट गेलेला गृहस्थ सगळ्यांत पुढे होता. वाटेत घराचा सर्व्हे कोणाकडून करून घ्यायचा, भिंतींना ओल आहे का, असले सल्ले सुरूच होते. पुरुषोत्तमकाकांची मला पहिल्यांदाच आठवण आली.

धबधबा समोर आला तेव्हा मी तो बघितलाच नाही. खडकात कोरलेल्या चाळीसेक ओल्या पायऱ्या होत्या, त्या मी हातापायांवर चढलो. मागे पेन्शनर पायरीपायरीवर उभे राहिले, तळाशी सासूबाई मॉरीनने दिलेल्या छोट्या चटईवर बसल्या. तीन त्रेपन्न. एका पायावर, हात पूर्ण वर केल्यावर दांडी आली. स्पीकर लावला. डॅरेन! पण धबधब्याचा आवाज असा की त्याला वाटलं मी आंघोळ करतोय.

"डॅरेन! खालच्या खोलीचं घर! आम्हाला—"

"थांबा!" खालून आवाज आला. सासूबाईंनी काहीतरी विचारलं होतं. प्रश्न पायरी पायरी करत वर आला, प्रत्येक जण पुढच्याला व्यत्ययाबद्दल सॉरी म्हणत होता. शेवटी मॉरीन माझ्या कानात ओरडली: "त्या खोलीत ऊन येतं का, असं त्या विचारतात!"

मी डॅरेनला विचारलं. डॅरेनला तर हा प्रश्न फारच आवडला. "साउथ फेसिंग!" तो अभिमानाने किंचाळला. "फुल्ली साउथ फेसिंग!" सगळ्या पायऱ्यांवरून कौतुकाचा "ऊऊ" असा आवाज निघाला. ऊन इथे दक्षिणेकडूनच येतं, त्यामुळे या देशात याहून मोठी गोष्ट घराबद्दल सांगता येत नाही.

निधीने उत्तर खाली पोचवलं. "आजी, दक्षिण! पूर्ण दक्षिण!"

आणि मग माझ्या लक्षात आलं. दक्षिण. यमाची दिशा. वेदसाठी बघितलेला एक चांगला फ्लॅट सासूबाईंनी केवळ दरवाजा दक्षिणेला म्हणून नाकारला होता. सीमाने कपाळाला हात लावला. तीन अठ्ठावन्न. फोनमधून डॅरेन विचारत होता, तुम्ही आहात ना, आहात ना.

सासूबाईंनी डोक्यावरची जाळी काढली. वर आभाळाकडे बघितलं, तिथे ढगच ढग होते. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि बोलल्या, आणि ते सांगायला मधे कोणी लागलं नाही, धबधब्यावरून सरळ माझ्यापर्यंत आलं.

"जावईबापू, या देशात ऊन जिकडून येईल तिकडेच पूर्व! घ्या म्हणा! मी राहायला येते!"

मी डॅरेनला हो म्हटलं.